प्रेअरीवरील स्थानक-गावे : जुन्या छायाचित्रांचे वाचन

कॅनडातील सस्काचवान येथील आरंभीच्या गावांची जुनी छायाचित्रे पाहताना एक साम्य चटकन नजरेत भरते. एका बाजूस लोहमार्ग, समोर लाकडी दुकानांची ओळ, आणि दुकानांच्या माथ्यावर दुमजली भासणाऱ्या चौकोनी दर्शनी भिंती. छायाचित्र बाजूने घेतलेले असले म्हणजे भिंतीमागची उतरत्या छपराची एकमजली खोली उघडी पडते. यास केवळ दिखाऊपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पाटी रंगविण्यास तेवढी जागा हवीच होती. पीठ, साखर, रॉकेल, जोडे, नांगराचे फाळ असा सारा माल एकाच दुकानात मिळे. पीक हाती येईपर्यंत गिऱ्हाईक बहुधा उधारीवर जगे. ती खातेवही मात्र छायाचित्रात येत नाही.

पाट्यांवरील भाषा बहुतेक इंग्रजी. त्या भूमीच्या मूळ भाषा गावांच्या नावांत तेवढ्या उरल्या, आणि तेथूनही काही पुसल्या गेल्या. आजच्या रेजायना शहराच्या जागेस क्री लोक ‘हाडांच्या राशीची जागा’ या अर्थाच्या नावाने ओळखत. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सन्मानार्थ नवे नाव देण्यात आले. नाव गेले, पण हाडे व्यापारात आली. संहार झालेल्या रानगव्यांची हाडे माळावरून वेचून स्थानकावर विकली जात. खत आणि साखरेचे शुद्धीकरण यांसाठी ती अमेरिकेत रवाना होत. रुळांजवळ रचलेल्या हाडांच्या ढिगाऱ्यांची छायाचित्रे याच काळातील आहेत. गव्हाच्या आधी या मुलुखातून बाहेर गेलेला माल हा होता, हे विसरता येत नाही.

गव्हाच्या छायाचित्रांचे वाचन अधिक सावधपणे करावे लागते. उंच धान्यकोठारासमोर घोडागाड्यांची लांबच लांब रांग दिसली की पाहणारा ती समृद्धीची खूण मानतो. १९०१ साली पीक अमाप आले हे खरे. पण मालडबे अपुरे पडले आणि रेल्वे ते देताना कोठारवाल्या कंपन्यांना झुकते माप देई. तेव्हा रांग ही अडवणुकीचीही खूण असू शकते. त्याच वर्षाअखेर इंडियन हेड येथे शेतकऱ्यांनी संघटना उभारली, आणि १९०२ मध्ये सिंटालूटा येथील स्थानक-अधिकाऱ्यावर खटला भरून तो जिंकला. (‘सिंटे’ म्हणजे शेपूट व ‘लूटा’ म्हणजे लाल, सू कुळातील भाषेचे हे नाव टिकून राहिले आहे.) १९११ मध्ये शेतकऱ्यांची सहकारी कोठार-कंपनी स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या छायाचित्रांत कोठारांच्या भिंतींवर तिचे नाव दिसू लागते.