ऑर्फर्ड नेस : एका निषिद्ध किनाऱ्याचा इतिहास

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यांत ऑर्फर्ड नांवाचें एक लहानसें गांव आहे. दुसऱ्या हेन्री राजानें इ. स. ११६५ ते ११७३ या काळांत येथें किल्ला बांधला, तेव्हां हें गांव गजबजलेलें बंदर होतें. आज त्या किल्ल्याच्या माथ्यावरून पाहणाऱ्यास गांवाच्या पुढ्यांत प्रथम समुद्र दिसत नाहीं. नदी दिसते, आणि नदीपलीकडे गारगोट्यांचा एक लांबच लांब दांडा दिसतो. उत्तरेस ऑल्डबरो गांवाशीं ऑल्ड नदी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर येते. पण त्याला न भेटतांच दक्षिणेकडे वळते, आणि सुमारें दहा मैल त्याच्या शेजारून वाहत गेल्यावर मग त्याला मिळते. नदी आणि समुद्र यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा हा दांडा म्हणजेच ऑर्फर्ड नेस. लाटांनीं आणून टाकलेल्या गोट्यांनीं तो शतकानुशतकें वाढत गेला, आणि तो जसजसा वाढला तसतसें ऑर्फर्डचें बंदर मागें पडत गेलें. खाडीच्या मुखाशीं वाळू सांचून बंदरें कशीं बुडतात हें कोंकणच्या माणसास निराळें सांगावयास नको.

या ओसाड दांड्यावर १९१३ सालापर्यंत गुरें चारणारे, मासेमारी करणारे आणि दीपगृहाचे रखवालदार यांच्यावांचून फारसें कोणी जात नसे. त्या सालीं ब्रिटिश युद्धखात्यानें येथील जमीन विकत घेतली, आणि त्यानंतर ऐंशी वर्षें हा किनारा सामान्य माणसास बंद झाला. त्या ऐंशी वर्षांत येथें काय घडलें, याचा इतिहास म्हणजे विसाव्या शतकांतील युद्धविद्येचाच एक लहानसा आलेख आहे.

पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां विमान हें शस्त्र आहे कीं केवळ टेहळणीचें साधन, हेंच पुरतें ठरलेलें नव्हतें. वैमानिक पिस्तूल घेऊन उडत, आणि बाँब हातानें खालीं टाकीत. विमानांतून बंदूक कशी चालवावी, बाँब नेमका कसा टाकावा, रात्रीं कसें उडावें, आकाशांतून छायाचित्रें कशीं घ्यावींत, उडी टाकणाऱ्याचें रक्षण छत्रीनें कसें करावें, या प्रश्नांचीं उत्तरें प्रयोगावांचून मिळणारीं नव्हतीं. त्यासाठीं मध्यवर्ती विमानविद्यालयाचा प्रायोगिक विभाग १९१५ सालीं अपॅव्हनहून ऑर्फर्ड नेस येथें हलविण्यांत आला. दांड्याच्या नदीकडील बाजूस दलदलीचें कुरण होतें. तेथील पाण्याचा निचरा करून विमानतळ तयार करण्यांत आला. एका बाजूस निर्जन किनारा आणि दुसऱ्या बाजूस मोकळा समुद्र असल्यामुळें चुकलेली गोळी किंवा भरकटलेला बाँब कोणाच्या घरावर पडण्याची भीति नव्हती, आणि नदी आडवी असल्यामुळें डोकावून पाहणारांचीहि भीति नव्हती.

विमानतळाच्या बांधकामावर जे हात राबले त्यांत चिनी मजूर दलाचे लोक होते आणि जर्मन युद्धकैदीहि होते. तेथील एका मातीच्या बांधास आजहि ‘चिनी भिंत’ म्हणतात. हजारों मैलांवरून आलेल्या त्या मजुरांची एवढीच खूण त्या भूमीवर उरली आहे.

प्रयोग करणारांना प्रत्यक्ष युद्धाचाहि प्रसंग लौकरच आला. १७ जून १९१७ च्या पहांटे ‘एल ४८’ हें जर्मन झेपेलिन या किनाऱ्यावर आलें. त्याचा पाठलाग करणाऱ्या विमानांत ऑर्फर्ड नेसहून उडालेलीं विमानेंहि होतीं. तें प्रचंड वायुयान पेटून जवळच्याच थीबरटन गांवाच्या शेतांत कोसळलें, आणि त्यांतील बहुतेक सर्व माणसें मृत्यु पावलीं. शस्त्रांचे प्रयोग कागदावर करणें निराळें आणि त्यांचा परिणाम डोळ्यांनीं पाहणें निराळें, हें त्या पहांटे तेथील माणसांना दिसलें असेल.

युद्ध संपल्यावर कांहीं काळ या तळावर सामसूम झाली. परंतु १९२४ पासून मार्टलशम हीथ येथील केंद्राचा उपतळ म्हणून तो पुन्हा उपयोगांत आला. आतां मुख्य विषय होता बाँब हवेंतून खालीं येतांना कोणत्या मार्गानें येतो हा. १९३३ सालीं याच कामासाठीं एक स्वतंत्र इमारत उभी राहिली. विमानांतून टाकलेल्या बाँबचा मार्ग टिपून घ्यावयाचा, त्यावरून गणित मांडावयाचें, आणि त्या गणितावरून वैमानिकासाठीं नेम धरण्याचीं कोष्टकें व यंत्रें सुधारावयाचीं, असा हा क्रम असे.

याच सुमारास दांड्यावर एक काळा, अष्टकोनी लांकडी मनोरा उभा राहिला. तो १९२८ सालीं बांधला गेला, आणि पुढच्या वर्षीं त्यावरून प्रयोग सुरू झाले. त्याची युक्ति मोठी सोपी होती. मनोऱ्यांतून निघणारा बिनतारी संदेश दीपगृहाच्या झोताप्रमाणें गोल फिरे, आणि बरोबर एका मिनिटांत एक फेरा पुरा करी. झोत उत्तरेकडे वळला कीं एक ठराविक खूण ऐकूं येई. वैमानिकानें त्या क्षणीं घड्याळ चालू करावयाचें, आणि आवाज अगदीं क्षीण होईल त्या क्षणीं तें थांबवावयाचें. जितके सेकंद झाले असतील त्यांस सहानें गुणलें कीं मनोऱ्यापासून आपण कोणत्या दिशेस आहों तें अंशांत कळे. रेडिओचा एक साधा संच आणि एक घड्याळ, एवढ्यावर धुक्यांत सांपडलेल्या माणसाला वाट मिळत असे.

परंतु ऑर्फर्ड नेसचें नांव इतिहासांत राहील तें १९३५ सालच्या उन्हाळ्यामुळें. जर्मनीचें हवाई बळ वाढत चाललें होतें, आणि बाँबफेकी विमानांना अडविण्याचा उपाय नाहीं असें मोठमोठे मुत्सद्दी म्हणत होते. शत्रूचीं विमानें रेडिओच्या ‘मृत्युकिरणां’नीं पाडतां येतील काय, अशी पृच्छा सरकारनें शास्त्रज्ञांकडे केली. रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्यांचे सहकारी आर्नल्ड विल्किन्स यांनीं गणित करून उत्तर दिलें कीं, विमान पाडणें शक्य नाहीं. परंतु विमानावर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून तें कोठें आहे हें ओळखतां येईल. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं डॅव्हेन्ट्री येथील बी. बी. सी. च्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या साह्यानें ही कल्पना पडताळून पाहण्यांत आली. तेथून जाणाऱ्या एका विमानाचा प्रतिध्वनि सुमारें आठ मैलांपर्यंत मिळाला.

त्यानंतर १३ मे रोजीं वॉटसन-वॅट यांची लहानशी मंडळी ऑर्फर्ड नेसवर येऊन दाखल झाली. त्यांत विल्किन्स होते, आणि एडवर्ड बोवेन हा तरुण वेल्श शास्त्रज्ञहि होता. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास चालला आहे, असें बाहेर सांगण्यांत आलें. पहिल्या महायुद्धांतील जुनाट झोपड्यांतून यंत्रें मांडलीं गेलीं आणि खांब उभे राहिले. १७ जून रोजीं सतरा मैलांवरील एका समुद्री विमानाचा प्रतिध्वनि मिळाला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं ही मर्यादा साठ मैलांच्या घरांत गेली. पुढें जागा अपुरी पडूं लागल्यामुळें १९३६ सालीं हें कार्य दक्षिणेस बॉडझी येथील वाड्यांत नेण्यांत आलें. यांतूनच जिला आज रडार म्हणतात ती विद्या ब्रिटनच्या संरक्षणाचा आधार बनली. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटलें तेव्हां किनाऱ्यावर सुमारें वीस रडारकेंद्रें उभीं होतीं. १९४० च्या उन्हाळ्यांत जर्मन विमानें येत आहेत हें तीं येण्यापूर्वींच कळत असे, आणि मोजक्या वैमानिकांना नेमक्या वेळीं नेमक्या ठिकाणीं पाठवितां येत असे. एरवीं मारण्याच्या साधनांचा अभ्यास करणाऱ्या या दांड्यानें एका उन्हाळ्यांत वांचविण्याचें साधन जगाला दिलें.

दुसऱ्या महायुद्धांत येथें बाँब आणि तोफगोळे यांच्या चांचण्या चालूच राहिल्या. विमानाचा कोणता भाग कोणत्या गोळ्यानें निकामी होतो, हें पाहण्यासाठीं विमानांवर मुद्दाम गोळ्या झाडीत. युद्ध संपलें, परंतु तळ मोकळा झाला नाहीं. उलट त्याच्या इतिहासांतील सर्वांत भीषण पर्व यानंतरच सुरू झालें.

३ ऑक्टोबर १९५२ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील माँटे बेलो बेटांत ब्रिटननें आपला पहिला अणुस्फोट केला. परंतु स्फोट होणें निराळें आणि विमानांतून नेण्याजोगा बाँब बनविणें निराळें. ‘ब्लू डॅन्यूब’ नांवाचा पहिला ब्रिटिश अणुबाँब चोवीस फुटांहून लांब आणि दहा हजार पौंडांहून जड होता. तो विमानांत हादरे खाईल, उंचीवर गारठेल, उन्हांत तापेल. या सर्वांतून तो सुरक्षित राहील काय, आणि वेळ येतांच चालेल काय, हें पाहणें अवश्य होतें. यासाठीं ऑल्डरमॅस्टनच्या अणुशस्त्र संशोधन संस्थेनें ऑर्फर्ड नेसवर प्रयोगशाळा बांधल्या. पहिली १९५६ सालीं तयार झाली. तेथें बाँब तापविला जाई, गोठविला जाई, हलविला जाई आणि प्रचंड वेगानें फिरविला जाई.

त्यांतील दोन प्रयोगशाळा दुरूनहि ओळखूं येतात. जाड काँक्रीटचें छप्पर आंखूड खांबांवर तोललेलें, आणि त्यावर गारगोट्यांचा ढीग. आकारावरून लोक त्यांना ‘पॅगोडे’ म्हणूं लागले. आंत स्फोट झालाच तर खांब कोसळावेत, आणि वरचें अवजड छप्पर खालीं बसून सर्व कांहीं आंतल्या आंत गाडलें जावें, अशी ती योजना होती. सरकारी निवेदनाप्रमाणें येथील बाँबमध्यें अणुस्फोटाचें द्रव्य कधींच नव्हतें. परंतु तें पेटविणारें स्फोटक द्रव्य असे, आणि एका चुकीनें आंतील माणसें नाहींशीं होण्यास तेवढें पुरेसें होतें. नदीपलीकडील गांवांतून कित्येक माणसें रोज नावेंतून कामास येत आणि सायंकाळीं परत जात. पण दिवसभर काय केलें हें घरीं सांगण्याची त्यांना मुभा नव्हती. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं ही संस्था येथून निघून गेली.

त्याच सुमारास दांड्याच्या उत्तर भागांत ब्रिटन आणि अमेरिका यांनीं मिळून ‘कोब्रा मिस्ट’ नांवाचें विशाल रडार उभारलें. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूरदेशीं उतरतात, हें रेडिओ ऐकणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. त्याच मार्गानें क्षितिजापलीकडील रशियाचीं विमानें आणि क्षेपणास्त्रें पाहावयाचीं, असा बेत होता. पंख्याच्या आकारांत अठरा ओळींनीं तारा पसरल्या गेल्या. परंतु यंत्र सुरू होतांच त्यांत एक गूढ खरखर ऐकूं येऊं लागली. तिचें मूळ शोधण्याचे सारे प्रयत्न फसले, आणि १९७३ च्या जूनमध्यें तो प्रचंड खटाटोप बंद करण्यांत आला. पुढें त्याच जागेवरून बी. बी. सी. च्या जागतिक सेवेचे कार्यक्रम युरोपकडे प्रक्षेपित होऊं लागले, आणि ते २०११ पर्यंत चालू होते. शत्रूचा कानोसा घेण्यासाठीं बांधलेल्या जागेवरून शेवटीं बातम्या आणि भाषणें यांचाच आवाज बाहेर पडला.

१९९३ सालीं संरक्षणखात्यानें हा दांडा ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेस विकला, आणि १९९५ पासून तो लोकांना खुला झाला. तरीहि आंखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकण्यास मनाई आहे. त्याचें एक कारण म्हणजे गोट्यांत गाडले गेलेले, न फुटलेले बाँब. दुसरें कारण अगदीं निराळें आहे. या गोट्यांवर पिवळी समुद्री खसखस आणि समुद्री वाटाणा यांसारख्या दुर्मिळ वनस्पती मोठ्या कष्टानें मूळ धरतात. येथें एकदां उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षें बुजत नाहीं. ऐंशी वर्षें माणसांना बंदी होती, म्हणूनच हीं झाडें आणि जमिनीवर अंडीं घालणारे कुररी पक्षी येथें टिकून राहिले. बाँब जेथें पडत तेथें बहर टिकला. हा विरोधाभास खरा असला, तरी त्याचें श्रेय बाँबला देण्याचें कारण नाहीं.

नव्या मालकांपुढें एक कठीण प्रश्न उभा राहिला. या इमारतींचें काय करावयाचें? विध्वंसाच्या विद्येचीं हीं घरें पाडून टाकावींत, असें म्हणणें शक्य होतें. अणुयुगाचीं स्मारकें म्हणून डागडुजी करून तीं जपावींत, हाहि पक्ष सबळ होता. ट्रस्टनें तिसरा मार्ग धरला: बहुतेक इमारती पाडावयाच्या नाहींत आणि दुरुस्तहि करावयाच्या नाहींत, वारा, मीठ आणि समुद्र यांच्या स्वाधीन करून त्यांना हळूहळू ढांसळूं द्यावयाचें. पॅगोडे आतां संरक्षित स्मारकांच्या यादींत आहेत, तरी त्यांचें लोखंड गंजत आहे आणि काँक्रीट सुटत आहे.

ज्यांच्या घरचीं माणसें तेथें मुकाट्यानें राबलीं त्यांना हा निर्णय कठोर वाटला तर नवल नाहीं. कारण जें कधीं सांगतां आलें नाहीं त्याची साक्ष देणाऱ्या ह्याच काय त्या भिंती. उलट, ज्या शस्त्रानें सबंध शहरें नष्ट करावयाचीं त्याच्या कारखान्याला रंगरंगोटी करून प्रेक्षणीय बनविणें योग्य काय, हाहि प्रश्न दृष्टीआड करतां येत नाहीं. दोन्ही बाजूंना वजन आहे.

मात्र एका गोष्टीचा निर्णय माणसाच्या हातीं राहिलेला नाहीं. १७९२ सालीं बांधलेलें येथील दीपगृह दोन्ही महायुद्धांतून टिकलें. परंतु समुद्र पायाशीं येऊन ठेपल्यामुळें २०१३ सालीं त्याचा दिवा विझविण्यांत आला, आणि २०२० सालीं तें उतरविण्यांत आलें. ज्या लाटांनीं हा दांडा घडविला त्याच आतां तो कातरीत आहेत. पॅगोड्यांकडे त्या कधीं वळतील हें सांगतां येत नाहीं. तोंवर ज्यांना पाहावयाचें आहे त्यांनीं ऑर्फर्डच्या धक्क्यावरून नावेंत बसावें. नदी ओलांडावयास फार वेळ लागत नाहीं.