परसदारातले रान आणि कुंड्यांची बाग

घराच्या पुढच्या अंगणाला रांगोळी मिळते, तुळशीवृंदावन मिळते. मागच्या परसदाराच्या वाट्याला मात्र मोडकी खुर्ची, बांधकामातून उरलेली वाळू, फुटकी कौले आणि गुडघ्याएवढे गाजरगवत येते. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर अशा शहरांतील जुन्या बंगल्यांच्या वसाहतींत आणि वाड्यांत हे दृश्य नवे नाही. एखाद्या पावसाळ्यात तेथे साप दिसतो, घरातल्या मुलाला शिंकांनी हैराण केले जाते आणि मग घरमालक एकदाचा निर्णय घेतो, 'सगळीकडे फरशी घालून टाकू.' रान हटते खरे. पण त्याबरोबर पाणी मुरण्याची घराजवळची अखेरची जागाही जाते आणि उन्हाळ्यात तीच फरशी भिंती तापवू लागते.

रान माजू देणे आणि सिमेंट ओतणे यांच्या दरम्यान तिसरा मार्ग आहे. जमीन उघडी व जिवंत ठेवायची आणि तिच्यावर कुंड्या, पिंपे व पोती मांडून भाजीपाल्याची बाग उभी करायची.

जमीन असताना कुंड्या कशाला?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु शहरातील परसातली जमीन बहुधा नावापुरतीच माती असते. पायाभरणीच्या वेळचा मुरूम, विटांचे तुकडे व चुन्याचा राडारोडा तिच्यात मिसळलेला असतो. काही ठिकाणी जवळून सांडपाण्याची वाहिनी गेलेली असते किंवा शोषखड्डा असतो. अशा जमिनीत पालेभाजी पेरणे शहाणपणाचे नाही. कुंडीत मात्र काय भरायचे, हे आपल्या हाती राहते.

दुसरे कारण उन्हाचे. मुंबई-पुण्याचा पट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा ते एकोणीस अंशांवर आहे. त्यामुळे डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच झुकलेला असतो आणि दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेस सुमारे नऊ फुटांपर्यंत पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे घराच्या उत्तरेकडील परसात मे महिन्यात कडक ऊन आणि नेमक्या भाजीपाल्याच्या हिवाळी हंगामात सावली. जमिनीत लावलेले रोप उन्हामागे जाऊ शकत नाही. कुंडी सरकवता येते.

म्हणून पहिले काम फावड्याचे नव्हे, निरीक्षणाचे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ऊन कोठे पडते, याची कागदावर नोंद करावी. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना तीन-चार तासांवरही भागवून घेतात.

सफाईचा क्रम

साफसफाईसाठी पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर सोयीचा. माती अजून ओलसर असल्याने तण मुळासकट उपटून येते आणि लगेच हिवाळी भाजीचा हंगाम सुरू होतो.

राडारोडा व दाट गवत हे सापांचे आश्रयस्थान असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप. त्यामुळे गमबूट व जाड हातमोजे घालून, आधी लांब काठीने गवत हलवून, भर उजेडात काम करावे. विटांचा ढीग हाताने एकदम उचलू नये. साप दिसला तर त्याला न मारता सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. दंश झालाच तर मांत्रिक वा घरगुती उपाय यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर चालणारी लस तेथे मिळते.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची नोंद पुण्यात १९५५च्या सुमारास झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते, परागकणांनी दम्यासारखा त्रास होतो. एका झाडापासून हजारो बिया पडतात, म्हणून पांढरी फुले येण्यापूर्वीच ते उपटावे. फुलावर आलेले उपटताना नाक-तोंडावर रुमाल बांधावा. ज्यांना दमा वा त्वचेचा विकार आहे, त्यांनी या कामापासून दूर राहावे.

हरळी आणि लव्हाळा यांची गोष्ट वेगळी. हरळीचा प्रत्येक पेर रुजतो आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या की पुन्हा कोंब फुटतात. वरवर कापून काही साधत नाही. खणून काढलेल्या गाठी व बीज धरलेले तण खताच्या खड्ड्यात न टाकता काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काही आठवडे उन्हात तापवावे. मोकळ्या झालेल्या जागेवर जाड पुठ्ठे अंथरून त्यावर वाळका पालापाचोळा पसरला की उजेडाअभावी बहुतेक तण दबते; पाणी मात्र मुरत राहते. लव्हाळा अधूनमधून डोके काढीलच. तो दिसेल तेव्हा खणून काढत राहावे.

सगळेच रान शत्रू नसते. टाकळा, कुर्डू, घोळ, पाथरी यांची भाजी आपल्याकडे होतेच. नीट ओळख असेल, तरच आणि स्वच्छ जागेतलीच ती खावी. मोठे झाड तोडायचे असल्यास मात्र, ते स्वतःच्या आवारात असले तरी, महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

आणि काडी ओढू नये. पालापाचोळा व कचरा उघड्यावर जाळण्यास २०१६च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली. पण कायद्याहून साधे कारण असे की, ज्याची राख होते तेच बागेचे भांडवल आहे.

मिश्रण आणि पात्रे

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून हेच सांगितले होते. पालापाचोळा, काडीकचरा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांतून घराजवळच सकस माती घडवता येते. त्यांच्या विचाराचा आधार घेत प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर कचऱ्यातून बाग उभी केली. जे काँक्रीटच्या गच्चीवर जमले, ते परसदारात अशक्य नाही.

तीन फूट लांब, रुंद व उंच असा तारेच्या जाळीचा किंवा सुट्या विटांचा कप्पा करावा. त्यात वाळक्या पानांचा जाड थर, त्यावर ओल्या कचऱ्याचा पातळ थर आणि वर शेणकाला असे थर रचावेत. ओल हाताला जाणवावी, पण पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी ढीग खालीवर केला तर साधारण चार ते सहा महिन्यांत खत तयार होते. तोपर्यंत पहिल्या हंगामासाठी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत विकत आणावे लागेल.

कुंडीत निव्वळ माती भरू नये. ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. एक भाग चांगली माती, एक भाग खत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा हे प्रमाण बहुतेक भाज्यांना चालते. तळाच्या भोकांवर खापराचा तुकडा व नारळाच्या शेंड्या ठेवाव्यात.

मेथी, कोथिंबिरीला सहा इंच खोलीचा पसरट ट्रे किंवा फळांची खोकी पुरतात. टोमॅटो, वांगी, मिरचीला किमान बारा इंच खोली हवी. दुधी, दोडका अशा वेलांना, तसेच कढीपत्ता व लिंबाला दीड फूट वा अधिक. दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप आडवे कापले की जवळजवळ दीड फूट खोलीची दोन पात्रे होतात. त्यात पूर्वी रसायन साठवलेले नसल्याची खात्री करून घ्यावी. जुने रंगाचे डबेही भाजीसाठी नकोत. ओल्या मिश्रणाने भरलेले असे अर्धे पिंप शंभर किलोच्या पुढे जाते, म्हणून ते प्रथमच योग्य जागी ठेवावे. शोषखड्ड्याच्या झाकणावर किंवा भिंतीला चिकटवून तर मुळीच ठेवू नये; ओल आणि वाळवी दोन्ही घरात शिरतात.

प्रत्येक पात्राखाली दोन-तीन विटा ठेवाव्यात. भोके मोकळी राहतात आणि खालचे तण कुंडीत शिरत नाही.

पाणी आणि डास

कुंडीतील ओल जमिनीपेक्षा लवकर उडते. एप्रिल-मेमध्ये लहान कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. हिवाळ्यात एकदा, तेही बोट खुपसून पाहिल्यावर. वर पाचोळ्याचे आच्छादन असले की पाण्याची बरीच बचत होते. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना चालते, साबणाचे नको.

कुंडीखाली ताटली ठेवण्याची सवय मात्र सोडावी. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत नवा डास उडतो. अंडी कोरड्या ताटलीलाही काही महिने चिकटून जिवंत राहतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. पाणी साठवण्याच्या बादल्या, ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात.

सुरुवात किती?

पहिल्याच महिन्यात चाळीस कुंड्या आणल्या तर पुढच्या पावसाळ्यात त्यांतही गवतच दिसण्याचा संभव अधिक. पाच-सहा पात्रे, एक खताचा कप्पा आणि रोजची पंधरा-वीस मिनिटे एवढे भांडवल पुरे. मेथी तीन-चार आठवड्यांत हाती येते, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने लागतात. दर हंगामाला रानाचा एकेक तुकडा मोकळा करत गेले, तर दोन-तीन वर्षांत परसदार पुन्हा घराचा भाग होते आणि पावसाचे पाणीही पूर्वीप्रमाणे तेथेच मुरते.

शिवाय तोपर्यंत पाचोळ्याखालची माती काळी, भुसभुशीत झालेली असते आणि तीत गांडुळे आलेली असतात. ज्या जमिनीवर फरशी घालण्याचे ठरले होते, तीच मग पुढच्या कुंड्यांना माती पुरवू लागते.