बिनकर्तबगारीचा जाहीरनामा

स्वतःच्या कर्तृत्वाविषयी लिहायला बसले की माणसाला कागद पुरत नाही. आमच्या बँकेत साहेब मंडळींना दर मार्चमध्ये आपल्या वर्षभराच्या कामाचा गोषवारा स्वतःच लिहून द्यावा लागतो. त्या दिवसांत केबिनमध्ये चहा दुप्पट जातो आणि बाहेर जे साहित्य पडते ते वाचून, ही शाखा एकट्या साहेबांनीच चालवली, आपण आठजण नुसते पंख्याखाली बसलो होतो, अशी आमचीही खात्री पटते. 'मला यातले काही येत नाही' असे त्या फॉर्मात कुणी लिहिल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून १९८९ साली वीस वर्षांच्या एका जपानी गायिकेने हेच चक्क आपल्या आल्बमचे नाव म्हणून छापले, हे कळल्यावर मी तिला मनातल्या मनात उठून नमस्कार केला. मुलीचे नाव मोरिताका चिसातो (तिकडे आडनाव आधी, म्हणजे आमच्या लेजरसारखेच). आल्बमचे नाव 'हिजित्सुर्योकुहा सेंगेन'. घाबरू नका, फोड सोपी आहे. 'जित्सुर्योकुहा' म्हणजे ज्यांना खरोखर काही येते अशांचा पंथ. आधी 'हि' लागला की त्याचा नकार. आणि 'सेंगेन' म्हणजे जाहीरनामा. थोडक्यात, बिनकर्तबगारांचा जाहीरनामा!

आता यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. तर त्यासाठी जपानी 'आयडॉल' ही चीज काय ते पाहायला हवे. १९६३च्या एका फ्रेंच चित्रपटाच्या नावात हा शब्द होता, तिथून तो जपानात रुजला असे मानतात. आयडॉल म्हणजे मूर्ती. मूर्तीने दिसावे, हसावे. गाता आले तर उत्तम, नाही आले तरी चालेल. गाणे दुसऱ्याने लिहायचे, चाल तिसऱ्याने लावायची, कपडे कंपनीने ठरवायचे. १९७१ ते १९८३ टेलिव्हिजनवर 'स्टार तांजो' नावाचा गायकांच्या निवडीचा कार्यक्रम चालला, त्यातून अशा कित्येक मूर्ती घडल्या.

आणि मूर्ती म्हटली की विसर्जन आलेच. 'कँडीज' या तीन मुलींनी १९७७ साली भर कार्यक्रमात, आम्हांला पुन्हा साध्या मुली व्हायचे आहे, असे सांगितले आणि एप्रिल १९७८मध्ये निरोप घेतला. 'स्टार तांजो'तूनच आलेल्या यामागुची मोमोएने ऑक्टोबर १९८०मध्ये तोक्योच्या बुदोकान सभागृहात शेवटचे गाणे म्हटले, मायक्रोफोन रंगमंचावर ठेवला आणि लग्न करून घरी गेली. वय वर्षे एकवीस! आमच्याकडे त्या वयात बी.कॉम.चा निकाल लागतो.

पुढे १९८५मध्ये कोइझुमी क्योको हिने 'नान्तेत्तात्ते आयडॉल' गायले. आयडॉलपणाची मजा कशी आहे, हे सांगणारे ते गाणे. बाहुलीने प्रेक्षकांना डोळा मारला म्हणायचा. पण शब्द लिहिले होते आकिमोतो यासुशी या गृहस्थांनी. म्हणजे डोळासुद्धा सूत्रधारानेच मिचकावलेला!

मोरिताकाची गंमत इथेच आहे. तीही आली रीतसर दारानेच : १९८६मध्ये एका पेयाच्या जाहिरातीसाठी झालेल्या स्पर्धेत पहिली आली आणि १९८७मध्ये पहिले गाणे निघाले. पण १९८८पासून तिने शब्द स्वतः लिहायला घेतले. 'सतरा वर्षांची' हे मिनामी साओरीचे १९७१चे गाजलेले गाणे तिने पुन्हा गायले, तेही इतके नटूनथटून, की बाहुलीनेही लाजावे. आणि आल्बमच्या शीर्षकगीतात, कर्तबगारीत मला रसच नाही, असे सांगून टाकले. शब्द तिचे, गळा तिचा. आता टीकाकाराने काय करावे? ज्याने आपला तोटा स्वतःच खात्यावर लाल शाईने दाखवला, त्याच्याकडे ऑडिटरला शोधायला काय उरते?

होणारा तोटा आधी दाखवावा, नफा हाती आल्याशिवाय धरू नये, हा कॉमर्सचा पहिला धडा. १९८९ साली तो अख्खा जपान विसरला होता. जमिनीचे भाव आभाळाला टेकले होते आणि २९ डिसेंबरला तोक्योचा निक्केई निर्देशांक ३८,९१५वर बंद झाला. मग जो कोसळला, तो पुन्हा ती पायरी चढायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. त्या वर्षी बड्याबड्या बँका आपली मालमत्ता फुगवून मिरवत असताना एका पोरीने तेवढी आपली किंमत कमी लावली होती!

बरे, तिचा ताळेबंदही पूर्ण खरा नव्हता; त्यात गुप्त राखीव निधी होता. कुमामोतोला शाळेत असताना ती मैत्रिणींच्या बँडमध्ये ड्रम वाजवत असे. १९९२पासून आपल्या रेकॉर्डवरचे ड्रम ती स्वतःच बडवू लागली. 'वातारासेबाशी' या १९९३च्या गाण्यात तर शाळकरी पोरांची रेकॉर्डर नावाची बासरीही तिनेच वाजवली. 'येत नाही' म्हणून टाकल्यावर शिकायला कुणाची भीती उरत नाही, हा त्यातला फायदा. 'सगळे येते' म्हणणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याला क्लासला जातानाही तोंड लपवावे लागते.

१९९२मध्येच तिने आणखी एक गाणे लिहिले : मी 'ओबासान' झाल्यावरसुद्धा... ओबासान म्हणजे आपली काकू. भाजीवाल्याने पहिल्यांदा 'काकू' म्हटल्यावर चांगल्या चांगल्या बायका भाजी न घेता परततात. तिथे तेवीस वर्षांच्या आयडॉलने तो शब्द आपणहून अंगाला लावून घेतला आणि तेव्हाही तू मला फिरायला नेशील ना, असे प्रियकराला विचारले. शिवाय, तुझेही पोट सुटणारच आहे, ही आठवणही दिली. त्या वर्षअखेरीच्या 'कोहाकु' या सरकारमान्य गानसोहळ्यात, साऱ्या जपानसमोर, तिने हेच गाणे म्हटले.

विसर्जन मात्र जमले नाही. लग्न झाले, मुले झाली, मधली काही वर्षे घरात गेली. आणि २०१२ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, बाईंनी आपली २०० गाणी पुन्हा नव्याने गाऊन, वाजवून लोकांपुढे ठेवायला घेतली. काकू झाल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर प्रियकराने काय दिले असेल ते असो. बाईंनी आपले उत्तर ड्रमवर बसूनच दिले.