शेजाऱ्याचें ताट



वैशाखांतल्या एकाद्या उकाड्याच्या संध्याकाळीं शेजाऱ्याला "आज आमच्याकडेंच दोन घांस खा" असें सांगणें ही गोष्ट इतकी साधी आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पेशव्यांच्या पंक्तींचीं वर्णनें आपण हौसेनें वाचतों. परंतु परळच्या चाळींत एका बाईनें कुळथाची पिठी रांधली आणि भिंतीपलीकडच्या माणसाला भातावर वाढली, याची नोंद कोणीं ठेवावी? तरीहि मला वाटतें कीं, निदान मुंबईपुरतें पाहिलें तर हें जेवण त्या पंक्तींहून पुष्कळच अर्वाचीन आहे, आणि तें दिसतें तितक्या सहजतेनें घडून आलेलें नाहीं.

शेजाऱ्याकडें जेवावयाचें म्हणजे त्याच्या चुलीवर शिजलेलें अन्न खावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गिरगांवांतल्या भल्या गृहस्थालाहि त्यापूर्वीं शेजाऱ्याची जात ठाऊक असावी लागे. फळ चाले, दूध चाले. पण पाण्यांत शिजलेला भात म्हटला कीं बंधन आलेंच. १८४९ सालीं दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर इत्यादि मंडळींनीं मुंबईंत परमहंस सभा स्थापिली. सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें, अशी तेथील रीत होती. हें सर्व दारें लावून, गुप्तपणें चाले. शिकलेलीं, प्रतिष्ठित माणसें पावाच्या एका तुकड्यासाठीं चोरून जमत, याचें आज हंसूं येईल. परंतु १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांचे कागद चोरीस गेले आणि तेवढ्यानें सभाच मोडली. वाळीत पडण्याची धास्ती किती खरी होती हें यावरून कळतें.

तो तुकडा तत्त्वासाठीं खाल्लेला होता, भुकेसाठीं नव्हे. भुकेनें हाच प्रश्न गिरगांवाच्या उत्तरेस निराळ्या रीतीनें हातीं घेतला.

१८५६ त ताडदेव येथें पहिली कापडगिरणी चालूं झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, डिलाइल रोड हा सारा टापू धुरांड्यांनीं भरून गेला. रत्नागिरीहून, साताऱ्याहून माणूस आला तो बहुधा एकटा. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंत हजार पुरुषांमागें स्त्रिया जेमतेम सव्वापांचशें निघाल्या. या एकट्या पुरुषांच्या पोटाची व्यवस्था खाणावळीनें केली. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेलें दुकान नव्हे. एकाद्या कामगाराची बायको किंवा विधवा आपल्याच खोलींत दहा-पंधरा माणसांचें रांधी. जेवणारे बहुतेक एका गांवचे किंवा एका जातीचे असत. हिशेब पगाराच्या दिवशीं होई, आणि संप झाला कीं उधारीचें ओझें त्या बाईच्या माथीं बसे. अशा बायकांना बँकेचें कर्ज मिळावें म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ त अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. तोंवर त्यांना सावकाराचेंच दार होतें.

पण ज्यांचीं कुटुंबें मुंबईंत होतीं तेहि उन्हाळ्यांत एकटे पडत. शाळांना सुटी लागली कीं बायकामुलें भाऊच्या धक्क्यावरून बोटीनें कोंकणांत जात; पावसाळ्यांत बोटी बंद, म्हणून जाण्याची घाई चैत्र-वैशाखांतच. मागें राहिलेल्या गृहस्थाला महिन्यासाठीं खाणावळींत नांव घालणें बरें वाटत नसे, आणि चूल पेटविणें जमत नसे. मग भिंतीपलीकडून हांक येई.

ती हांक कोणत्या वेळीं यावी हेंहि गिरणीच ठरवी. विजेचे दिवे आले तसें सांचे रात्रीं उशिरांपर्यंत चालूं लागले. १९११ च्या कायद्यानें पुरुषांचा दिवस १२ तासांचा झाला, १९२२ च्या कायद्यानें ११ तासांचा आणि १९३४ च्या कायद्यानें १० तासांचा. रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें १० जून १८९० रोजीं मिळाली होती. हीं कलमें स्वयंपाकघराच्या इतिहासांत घालावयास माझी हरकत नाहीं. बारा तास सांच्यापाशीं उभा राहिलेला माणूस पाहुणा कोणत्या तोंडानें बोलावणार, आणि पाहुणा तरी कोणत्या पायांनीं येणार?

खोली बहुधा एकच. १९२० नंतर सरकारनें नायगांव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड येथें बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तींतच चूल, मोरी, अंथरुणें आणि देव. वैशाखांत चूल पेटली कीं भिंती तापत, म्हणून बाई दिवस मावळण्यापूर्वींच रांधून विस्तव विझवी. उन्हाळ्याचें जेवण आटोपशीर असे तें याच कारणानें. कोंकणी घरीं उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, विझत्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणि आमसुलाचें सार. घाटावरच्या घरीं भाकरी, पिठलें, बुक्कीनें फोडलेला कांदा. गिरगांवच्या ब्राह्मणी घरांत वाटली डाळ: हरभऱ्याची डाळ भिजत घालून पाट्यावर भरड वाटावयाची, तींत किसलेली कैरी घालावयाची, आणि विस्तव लागे तो फोडणीपुरता. पन्ह्याच्या कैऱ्या भाताबरोबरच वाफवून निघत. एका जाळावर दोन कामें उरकण्याची ही विद्या कोणत्याहि पाकशास्त्राच्या पुस्तकापेक्षां उकाड्यानेंच शिकविली. आंबा पाहुण्याच्या निमित्तानें येई. चार आंब्यांचा रस सात वाट्यांत पुरवितांना पाणी किती घातलें, हें गृहिणीनें कोणाला सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं.

१९४३ च्या उन्हाळ्यांत मुंबईंत रेशनिंग सुरू झालें आणि तांदूळ कार्डावर मोजून मिळूं लागला. पाहुण्याचा घांस त्यानंतर कोणाच्या वाट्यांतून निघत होता हें उघड आहे. बाईनें शेवटीं जेवावयाचें ही रीत जुनीच होती.

आतां भिंतीपलीकडचा तो माणूस कोण, हें पाहिलें पाहिजे. चाळींत माणसें गांववार आणि जातवार राहत. म्हणून शेजारी बहुधा 'चालणारा'च असे. गिरणींतहि तेंच. विणखात्यांत धोट्याच्या छिद्रांतून सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि एकाचें उष्टें दुसऱ्याला लागतें या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यांत घेत नसत. पगार नेमका तेथेंच अधिक होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ही गोष्ट उघडपणें पुढें मांडली. ते स्वतः तेव्हां परळच्या बी. आय. टी. चाळींत राहत होते. उष्ट्याचा नियम असा स्वयंपाकघरांतून निघून थेट सांच्यापर्यंत पोंचला होता. समाज समता संघाचीं सहभोजनें याच काळांतलीं. पुढें १९४० नंतर अनंत हरि गद्रे यांनीं झुणका-भाकरीचीं सहभोजनें मांडलीं. पक्वान्नाऐवजीं झुणका, ही कल्पना मला मार्मिक वाटते. सणाच्या अन्नाला माणूस एकदां नियम मोडतो, रोजच्या अन्नाला मोडीत नाहीं. आंबेडकरांनीं मात्र १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधांत, सहभोजनानें जात मरत नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. सभेच्या पंक्तींत जेवणें निराळें, आणि आडवारीं शेजाऱ्याच्या घरीं, शेजाऱ्याच्याच ताटांत जेवणें निराळें. हा फरक मीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिला, पण तो समजला पुष्कळ उशिरां.

लालबागच्या आमच्या चाळींत १९७० नंतरच्या दशकांत पलीकडच्या खोलींतले एक काका दर वैशाखांत महिनाभर रात्रीं आमच्याकडें जेवत. ते आईला 'वहिनी' म्हणत, ती त्यांना 'भावोजी' म्हणे, आणि दोघांच्या बोलण्यांत खोटेपणा मुळींच नव्हता. काका येतांना आपलें ताट आणि पेला घेऊन येत, आणि जेवण झालें कीं परत नेऊन आपल्या मोरींत धूत. मला ती त्यांची टापटीप वाटे. आईनें कधीं आमचें ताट पुढें केलें नाहीं, त्यांनीं कधीं मागितलें नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. उन्हाळा येईपर्यंत अर्धी चाळ गांवीं गेली होती. काकांनीं बायकोबरोबर भांडींकुंडींहि पाठवून दिलीं. त्या संध्याकाळीं ते रिकाम्या हातांनीं उंबऱ्याशीं उभे राहिले आणि खालून केळीचें पान घेऊन येतों, असें कांहींसें पुटपुटले. आई कांहीं बोलली नाहीं. भात, पिठी आणि कैरीची फोड असें ताट वाढून तिनें पाटासमोर ठेवलें. तें वडिलांचें ताट होतें. वडिलांनीं एकदां तिच्याकडें पाहिलें आणि आपल्यासाठीं फळीवरची थाळी काढून घेतली. जेवण झाल्यावर काका ताट उचलावयास वांकले, तेव्हां "राहूं द्या तें, भावोजी" एवढेंच ती म्हणाली, आणि रात्रीं आमच्या ताटांबरोबर तें घासून तिनें पालथें घातलें.