प्रोपिल अल्कोहॉले
तीन कार्बन अणूंची दोन समघटक अल्कोहॉले. नॉर्मल प्रोपिल ९७° से.ला, तर आयसोप्रोपिल सुमारे ८२° से.ला उकळते. पहिले एथिलिनापासून प्रोपिऑनाल्डिहाइडमार्गे, दुसरे प्रोपिलिनाच्या जलसंयोगाने बनवितात. अमेरिकेत १९२० मध्ये सुरू झालेले आयसोप्रोपिलचे उत्पादन खनिज तेल रसायन उद्योगाचा आरंभ मानले जाते. महाराष्ट्रात ते तळोजा येथे तयार होते. प्रोपिलीन तेलशुद्धीकरणातून मिळत असल्याने या उद्योगाचे स्थान किनाऱ्यालगतच्या शुद्धीकरण केंद्रांशी बांधलेले राहते. ऊसपट्ट्यातील एथिल अल्कोहॉल आयसोप्रोपिलची जागा घेऊ शकेल, असा आक्षेप निघतो. हात निर्जंतुक करण्यापुरता तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ८०% एथिल व ७५% आयसोप्रोपिल अशी दोन्ही मिश्रणे सुचविली आहेत. मात्र आयसोप्रोपिल एस्टरांसाठी आयसोप्रोपिलची रेणुरचनाच लागते. म्हणून एथिल व आयसोप्रोपिल ही अल्कोहॉले परस्परपूरक ठरतात.