बटवा कोणाचा?

‘आजीबाईचा बटवा’ म्हटले की सुंठ, वेखंड, जायफळ आठवते. भाषेने बटव्यातले औषध तेवढे जपले, नाणी मात्र ती विसरली. गेली काही वर्षे मी ओळखीच्या घरांतले जुने बटवे आणि चंच्या पाहत हिंडते आहे. इतिहास मी कॉलेजात शिकले नाही, शिवणकामातून त्याच्याकडे आले. त्यामुळे वस्तू आधी उलटून पाहायची आणि मग ग्रंथ उघडायचा, ही माझी रीत.

बटवा उलटा केला की त्याची घडण कळते. बाहेर खणाचा किंवा काठाचा तुकडा, आत वापरून मऊ झालेल्या लुगड्याचे अस्तर. तोंडाशी नेफा, त्यात समोरासमोरून ओवलेल्या दोन नाड्या, टोकांना गोंडे. नाड्या दोन बाजूंना ओढल्या की तोंड आवळते. चंचीची तऱ्हा निराळी. पान, सुपारी, तंबाखूसाठी तिला कप्पे असतात आणि ती गुंडाळून दोरीने बांधतात. दोन्हींचे कापड बहुधा चोळी बेतताना उरलेले. विकत काही आणलेले नाही, म्हणून जमाखर्चाच्या वहीत त्यांची नोंदही नाही.

लुगड्याला खिसा नसतो. बाईचे स्वतःचे चार पैसे राहत ते कनवटीला खोचलेल्या बटव्यात. हा बटवा पुष्कळदा आईने, मावशीने किंवा आत्याने शिवून दिलेला असे, कधी रुखवतात, कधी दिवाळसणाला. तो रिकामा देऊ नये, आत एखादे नाणे घालावे, असे आमच्याकडे सांगत.

या नाण्याचा विचार करताना मी स्त्रीधनाच्या प्रकरणाकडे वळले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) त्याची सविस्तर चर्चा केली आहे. त्यात कात्यायनाचा एक नियम येतो. त्याचा आशय असा : नात्यातल्यांनी मायेने दिलेले धन हे ‘सौदायिक’, त्यावर स्त्रीची पूर्ण सत्ता, ते विकायलाही ती मोकळी. पण तिने हस्तकौशल्यावर मिळवलेले धन आणि परक्याने प्रेमाने दिलेले धन, या दोहोंवर नवऱ्याचे स्वामित्व.

हा नियम बटव्याला लावून पाहा. तोच खण, तीच सुई, तेच टाके. बाईने बटवा शिवून विकला, तर आलेले पैसे नवऱ्याचे. तोच लेकीला दिला, तर बटवा आणि आतले नाणे लेकीचे, जावयाचे नव्हे. नाणे घालण्याची रीत या नियमातून निघाली, असे माझे म्हणणे नाही. पण कमाईला नसलेले संरक्षण भेटीला होते, एवढे त्यातून दिसते. बायका शिवलेली वस्तू एकमेकींना देत राहिल्या, यात हौस होतीच, पण दिलेले तिचे राहते, हा व्यवहारही होता.

हा भेद पोथीपुरता राहिला नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये मिताक्षरा आणि नीळकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानत. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने बाईची मजुरी आणि कमाई तिची ठरवली, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन यांना त्यातून वगळले. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. तिथे बायकांना शिवण शिकवू लागले आणि सुई उघडपणे पोटापाण्याचे साधन झाली. विधवेला तिचा मोठा आधार मिळाला. नवरा हयात असलेल्या बाईच्या कमाईबाबत मात्र शास्त्राचे उत्तर जुनेच होते.

ते बदलले १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा संपूर्ण हक्क मान्य केला. मालमत्ता म्हणजे काय, याच्या स्पष्टीकरणात दोन गोष्टी आहेत : भेट, मग ती नातलगाने दिलेली असो वा परक्याने, आणि स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेले धन. कात्यायनाने नवऱ्याकडे दिलेल्या नेमक्या दोन्ही बाबी इथे बाईकडे परत आल्या.

आता कनवटीची जागा पर्सने घेतली आहे. पर्समध्ये ठेवायला खणाचे छोटे पाऊच, चष्म्याची नि किल्ल्यांची पिशवी अजूनही घरोघरी शिवली जाते आणि संक्रांतीच्या वाणात लुटली जाते. बचत गटातल्या बायका तीच वस्तू विकतात, आणि ते पैसे कायद्याने त्यांचेच.

वाचकांना एक विनंती. घरात जुना बटवा असेल, तर तो कोणी शिवला आणि कोणाला दिला, हे चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवा. घरे, शेते, दागिने यांची नोंद कुठे ना कुठे सापडते. या मालमत्तेची नोंद सांगणाऱ्या बायकांजवळच आहे, आणि त्या थकत चालल्या आहेत.