रोम : वास्तुवैभव

इटलीची राजधानी. टायबर नदीच्या काठी, टेकड्या आणि त्यांच्यामधल्या सखल भागात वसलेल्या या शहराची स्थापना परंपरेनुसार इ. स. पू. ७५३ मध्ये झाली. त्याच्या ऐतिहासिक भागाचा युनेस्कोने १९८० साली जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि १९९० मध्ये त्याची हद्द वाढवली. येथील प्राचीन वास्तूंचा इतिहास पाहिला, तर ज्या इमारती लोकांच्या वापरात राहिल्या त्याच धडपणे टिकल्या, असे दिसते. तो वापर मूळ हेतूपेक्षा कितीही वेगळा असो. ओस पडलेल्या इमारतींचा दगड मात्र इतरांच्या बांधकामांना गेला.

पँथीऑन हा याचा सर्वांत बोलका दाखला. दर्शनी पट्टीवर अग्रिपाचे नाव आहे, परंतु त्याचे मूळ मंदिर आगीत गेले. आजची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२५ च्या सुमारास पुरी झाली. त्याने जुने नाव तसेच ठेवले. मुखमंडपाला इजिप्तमधून आणलेल्या ग्रॅनाइटचे १६ अखंड स्तंभ आहेत. आत शिरताच मात्र स्तंभ विसरायला होतात आणि नजर थेट वर जाते. घुमटाचा व्यास सुमारे ४३.३ मी. असून जमिनीपासून त्याची उंचीही तेवढीच आहे. लोखंडी सळया न वापरता बांधलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही.

हे साधले ते चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणामुळे. त्यात घालायची खडीही कारागिरांनी उंचीप्रमाणे बदलली. तळाशी जड दगड, त्यावर विटांचे तुकडे आणि माथ्याजवळ सच्छिद्र, हलका प्यूमिस. घुमटाची जाडी तळाशी सुमारे सहा मीटर आहे, ती माथ्याकडे जेमतेम सव्वा मीटरवर येते. आतल्या बाजूच्या खोलगट चौकटींच्या पाच रांगांनीही वजन कमी केले. माथ्यावरचे गोल भोक उघडेच आहे. त्यातून येणारा उन्हाचा झोत दिवसभर भिंतींवरून सरकत जातो. पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. सम्राट फोकासने ही वास्तू पोप चौथ्या बॉनिफेसला दिली आणि इ. स. ६०९ मध्ये तिचे चर्च झाले. तिच्या बचावाचे हेच कारण. तरीही सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बनने मुखमंडपाच्या छताचे कांस्य काढून नेले. चित्रकार राफाएलची समाधी येथेच आहे.

कलोसियमच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. व्हेस्पेशियनने इ. स. ७२ च्या सुमारास सुरू केलेले हे लंबवर्तुळाकार क्रीडागार टायटसने ८० मध्ये खुले केले. लांबी सुमारे १८८ मी., रुंदी १५६ मी. आणि बाहेरची भिंत जवळजवळ ४८ मी. उंच. तळमजल्याच्या ८० कमानींपैकी बहुतेकांवर क्रमांक कोरलेले होते, त्यामुळे प्रेक्षकांना आपले दार सहज सापडे. भिंतीजवळ जाऊन पाहिले, तर ट्रॅव्हर्टीन दगडांत जागोजागी भोके दिसतात. दगड जोडणारे धातूचे आकडे मध्ययुगात उपटून नेल्याच्या या खुणा आहेत. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली आणि तिचा दगड शहरभरच्या बांधकामांना गेला. उरलेली भिंत एकोणिसाव्या शतकात विटांचे आधार देऊन सावरली. शेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरची (इ. स. ३१५) बरीचशी शिल्पे आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरून काढून बसवलेली आहेत.

टायबरकाठी हेड्रियनने स्वतःसाठी बांधलेले वर्तुळाकार समाधिस्थान पुढे किल्ला झाले. १५२७ मध्ये सैनिक शहर लुटत असताना पोप सातवा क्लेमेंट व्हॅटिकनकडून येणाऱ्या उंच भिंतीवरच्या वाटेने धावत तेथे आश्रयाला आला. आज ते कास्टेल सांतांजेलो या नावाचे संग्रहालय आहे. डायोक्लीशनच्या स्नानगृहांचे विशाल दालन मायकेलअँजेलोने वयाच्या ऐंशीनंतर चर्चमध्ये बदलले. मूळचे लाल ग्रॅनाइटचे स्तंभ तेथे अजून उभे आहेत. स्नानगृहांचे खरे आकारमान समजून घ्यायचे, तर पडक्या अवशेषांपेक्षा हीच जागा पाहावी. मार्सेलसच्या नाट्यगृहाच्या कमानींवर तर राहती घरे आहेत.

फोरमचे अवशेष, ट्रेजनचा शिल्पमंडित स्तंभ (इ. स. ११३) आणि मायकेलअँजेलोने आखलेला कॅपिटोल टेकडीवरचा चौक ही इतर महत्त्वाची स्थळे. सेंट पीटर्स बॅसिलिका (१५०६–१६२६) व्हॅटिकन नगरराज्यात येते, पण तिचा घुमट रोममध्ये दुरूनही दिसतो. शहराचे थर एका जागी पाहायचे असतील, तर कलोसियमजवळचे सान क्लेमेंते चर्च गाठावे. वर बाराव्या शतकातले चर्च, त्याखाली चौथ्या शतकातले आणि आणखी पायऱ्या उतरल्यावर रोमन घरे व मिथ्र देवतेचे उपासनास्थान आहे. तळाशी वाहत्या पाण्याचा आवाजही ऐकू येतो. मेट्रोच्या सी मार्गाचे खोदकाम अशाच थरांमुळे वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हान्नी स्थानकात त्या वेळी सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत आणि कोणत्या खोलीवर कोणता काळ लागला, हे भिंतींवर दाखवले आहे.